खाऱ्या वाऱ्यातला हायब्रीड टी: पावसाळ्यात गुलाब का मरतो?

ज्यांचं गाडीत नेटवर्क गेलं किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. मधले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे गुलाब. तोही गावठी नव्हे. लांब दांडा, दांड्यावर एकच मोठं फूल आणि टोकदार कळी, असा हायब्रीड टी. अलिबागपासून मालवणपर्यंत कुणालाही विचारा, गोष्ट एकच. डिसेंबरात नर्सरीतून कुंडी आणली, फेब्रुवारीपर्यंत फुलं आली, इन्स्टावर फोटो गेले. मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या. जुलैत झाड बोडकं झालं आणि गणपतीपर्यंत काळी काठी उरली. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्या मातीत गुलाब होत नाही." मातीला उगाच बोल लागतो. खरा घोळ आहे मीठ आणि ओल यांचा.

आधी हे झाड आलं कुठून ते बघू, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. फ्रान्समधल्या गियो नावाच्या गुलाबवाल्याने 1867 साली 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब बाजारात आणला. साधारण तिथून हायब्रीड टी हा वर्ग सुरू झाला असं मानतात. चीनकडून आलेल्या 'टी' गुलाबांचा पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण आणि युरोपातल्या दणकट गुलाबांचा जोम त्यात एकत्र आला. पण गडद पिवळा रंग त्यात नव्हता. तो पेर्ने-दुशे या माणसाने 1900 साली 'सोलेय दोर'मधून आणला. त्यासाठी त्याने पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या पिवळ्या गुलाबाचा संकर केला. रंग मिळाला, पण काळ्या ठिपक्यांच्या रोगाला लवकर बळी पडणारं पानही त्याच वाटेने घरात शिरलं. म्हणून माझं मत सरळ आहे: किनाऱ्यावर पहिलाच गुलाब घेत असाल तर पिवळा आणि केशरी सोडा. जाड, चकचकीत पानांचा लाल किंवा गुलाबी घ्या. आपल्याकडे गहू-संशोधक डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाबाच्या कितीतरी जाती तयार केल्या. पण त्यांचं काम दिल्लीतलं. तिथली कोरडी थंडी वेगळी आणि आपली दमट हवा वेगळी.

आता मीठ. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना? दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा बारीक तुषार घेऊन येतो. पाणी उडून जातं, मीठ पानावर बसतं आणि पानातलंच पाणी ओढून घेतं. म्हणून आधी कडा तपकिरी होतात. उपाय बिनखर्चाचा आहे: सकाळी लवकर गोड्या पाण्याने पानं धुवा. संध्याकाळी नको, रात्रभर पान ओलं राहिलं की रोगाला आमंत्रण. वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, पण भिंत नको. भिंतीवरून वारा उसळून पलीकडे गिरक्या घेतो. माडाची झापं किंवा शेडनेट चांगलं, कारण त्यातून वारा गाळून येतो. फक्त सहा तास ऊन मिळायला हवं, माडाच्या सावलीत हायब्रीड टी फुलत नाही.

मिठाच्या दोन चोरवाटाही आहेत. पहिली, मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर दिसला की समजा आत क्षार साठलेत. रोज थोडं थोडं पाणी घालण्यापेक्षा अधूनमधून गोडं पाणी इतकं घाला, की खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल. दुसरी चोरवाट कोकोपीटची. नारळाची सोडणं बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे स्वस्त कोकोपीट खारट असू शकतं. दोन-तीनदा धुऊन, पिळूनच वापरा. आणि हो, ताज्या मासळीचं धुवण गुलाबाला घालतात ते ठीक. पण सुकट किंवा खारवलेल्या बांगड्याचं पाणी ओतलंत तर तुम्ही मीठच ओतताय.

आता पावसाळा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी पानावर उडतात. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की ते रुजतात. आपल्याकडे जुलैत पान चार-चार दिवस वाळत नाही! त्यात खाली मुळं पाण्यात. म्हणून कुंडी पडवीच्या कडेला घ्या, जिथे उजेड आहे पण पागोळ्या अंगावर येत नाहीत. तिच्याखाली दोन चिरे ठेवा, भोक मोकळं राहू द्या. जमिनीत लावायचं असेल तर चिऱ्यांचा दीड फूट उंच वाफा करा. त्यात माती, मुरलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू घाला. वाळू नदीची हवी. किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ तर असतंच, शिंपल्यांचा चुनाही असतो. गळलेली पानं उचला, झाडाखाली कुजू देऊ नका.

फवारणीसाठी महागडी बाटली शोधायची गरज नाही. सुपारीच्या बागेत पावसाआधी मारतात ते बोर्डो मिश्रण तुमच्या आजोबांना माहीत असेल. 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची नकोत. चुना भिजवून गार करा, गाळा, मग दोन्ही एकत्र ओता. लोखंडी सुरीचं पातं त्यात क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. हातमोजे घाला, त्याच दिवशी वापरा आणि कोरड्या दिवशीच मारा.

छाटणी पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. उघडी जखम आणि ओल एकत्र आली की फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते. नर्सरीवाले त्याला डायबॅक म्हणतात. पाऊस पूर्ण थांबला की, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटा. पुण्या-नाशिककडचे व्हिडिओ बघून अगदी बुडापर्यंत कापू नका, फार तर अर्धी उंची घ्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्या आणि कापावर तेच बोर्डो, पण दहापट घट्ट करून लावा. साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं. नवीन रोपही याच दिवसांत लावा आणि कलमाची गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवा.

या गाठीवरून एका ताईचा व्हॉइस नोट आठवतो. ती रत्नागिरीजवळची. तिच्या बाबांनी गेल्या वर्षी लाल गुलाब लावला, आणि आता बाबा नाहीत. जुलैत झाड वाळलं, पण ऑक्टोबरात बुडातून हिरवेगार फुटवे आले, पाच फूट वाढले. ती खूश होती. प्रश्न एवढाच की वर्षभर फूल का नाही?

ताई, फुटवा कुठून आलाय ते बघ. हायब्रीड टी म्हणजे दोन झाडं. खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि त्यावर भरलेला डोळा. माती बाजूला कर. फुटवे गाठीच्या खालून आले असतील तर ते खुंटाचे आहेत. पान लहान, रंग फिका, काट्यांची ठेवण वेगळी, हे जुन्या फोटोशी ताडून पाहा. त्यांना फूल आलंच तर साधं, छोटं येईल. सात पर्णिका म्हणजे जंगली, हा नियम रीलमध्ये सांगतात. त्यावर विसंबू नकोस, चांगल्या हायब्रीड टीलाही सात येतात.

गाठीच्या वर एक इंच जरी हिरवं लाकूड असेल, तर बाबांचा गुलाब जिवंत आहे. नखाने साल खरवडून बघ. हिरवं दिसलं तर खालचे फुटवे जिथून निघालेत तिथून ओढून उपट. नुसते कापलेस तर दुप्पट येतील. पानं फुटेपर्यंत खत घालू नकोस. फांदी वाढून एकदा फुलली आणि तिचा काटा अंगठ्याने सहज मोडायला लागला, की तिच्यावरचे डोळे तयार. थंडीत जवळच्या नर्सरीतल्या माळ्याकडून दोन-तीन खुंटांवर ते भरून घे. एका झाडाच्या जिवावर राहू नकोस.

आणि वर काहीच हिरवं नसेल तर तो लाल गुलाब गेला, हे मी गोड करून सांगणार नाही. पण बाबांनी रोवलेलं मूळ जिवंत आहे आणि जोमात आहे. पेन्सिलीएवढा जाड एक फुटवा ठेव, बाकीचे काढ. जुन्या फोटोवरून जात ओळखता आली, तर त्याच जातीचा डोळा त्याच फुटव्यावर भरता येतो.

ताईचा फोटो अजून आलेला नाही. ताई, वाचत असशील तर पाठव, पण फुटव्याच्या शेंड्याचा नको. माती बाजूला केलेल्या गाठीचा, जवळून आणि सकाळच्या उजेडात काढ.