विश्लेषण : एकाच रांगेत ‘अहो’ आणि ‘ए आजी’... दवाखान्यात रुग्णाचा मान कशावर ठरतो?

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीजवळ दहा मिनिटे उभे राहून नुसते ऐकावे. सत्तरीच्या मजूर बाईला ‘ए आजी, तिकडे सरक’ आणि तिच्या मागच्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या पस्तिशीच्या माणसाला ‘तुम्ही जरा थांबता का?’ खिडकी तीच, कर्मचारी तोच. मराठीत सर्वनामातूनच माणसाची पायरी कळते, त्यामुळे हा फरक लपतही नाही. प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर सोडून देता आला असता. पण अपमान झालेला रुग्ण पुढच्या वेळी उशिरा येतो किंवा येतच नाही.

पाहण्यांतून काय दिसते?

‘ऑक्सफॅम इंडिया’ने २०२१ मध्ये रुग्णहक्कांविषयी देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात किंवा डॉक्टरांकडे धर्मामुळे भेदभाव झाल्याचे सुमारे एक तृतीयांश मुस्लीम प्रतिसादकांनी सांगितले. जातीमुळे असा अनुभव आल्याचे सांगणाऱ्या दलित आणि आदिवासींचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक होते. खोलीत दुसरी स्त्री हजर नसताना पुरुष डॉक्टरांनी शारीरिक तपासणी केल्याचे एक तृतीयांशाहून अधिक महिलांनी नोंदवले. हे लोकांनी स्वतः सांगितलेले अनुभव आहेत, प्रत्यक्ष पाहून केलेली नोंद नव्हे, एवढे ध्यानात ठेवायला हवे.

प्रत्यक्ष पाहून केलेली नोंदही आहे, पण भारताबाहेरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमारमध्ये प्रसूतिगृहांत निरीक्षक बसवण्यात आले. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या या अभ्यासात, निरीक्षण केलेल्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींच्या वाट्याला ओरडणे, मारणे, हिणवणे किंवा भेदभाव आला होता. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या स्त्रियांना तो अधिक सोसावा लागला. आपल्याकडच्या प्रसूतिकक्षाबाहेर बसलेल्या कोणत्याही आईला वा सासूला हे वाचून फारसे आश्चर्य वाटणार नाही.

हे वेळेच्या कमतरतेमुळे होते का?

काही अंशी होय. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ने ६७ देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध केला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. भारतातला आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. निवासी डॉक्टरांचे सलग चालणारे तास, रिकामी पदे आणि नातेवाइकांकडून होणारी मारहाण यांचाही स्वभावावर परिणाम होतोच. महाराष्ट्राला २०१० मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरोधात वेगळा कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे.

पण गर्दीने सगळा खुलासा होत नाही. गर्दी असेल तर सगळ्यांनाच तुटक बोलले जायला हवे. प्रत्यक्षात त्याच गर्दीत एखाद्यासाठी नगरसेवकाचा फोन येतो आणि आवाज एकदम खाली येतो. आपल्या व्यवस्थेत ‘ओळख’ हेच खरे ओळखपत्र आहे. खासगी रुग्णालयात ते काम खोलीचा वर्ग आणि कॅशलेस कार्ड करते. ज्याच्याकडे यापैकी काहीच नाही, त्याच्याकडे पाहताना कपडे, बोली, आडनाव आणि आजार या खुणा पुरतात. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, दारू असे काही कागदावर दिसले की बोलण्याचा सूर बदलतो.

त्याचा उपचारावर काय परिणाम होतो?

आधी बोलणे थांबते. ‘एवढंही कळत नाही का?’ असे एकदा ऐकले की रुग्ण गोळी कधी घ्यायची हे पुन्हा विचारत नाही, मान डोलावतो. अर्धी औषधे चुकतात, मग ‘हे लोक ऐकतच नाहीत’ असा शेरा बसतो. मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्यांना तर मराठीतला प्रश्नच परका असतो. त्यांचे गप्प राहणे अडाणीपणा समजले जाते. अशा वेळी गोड बोलणारा भोंदू जवळचा वाटला, तर दोष कुणाचा?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हा प्रश्न उलट्या बाजूने घेतला. तुम्हाला दवाखाना कसा हवा, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारती आणि पांढरे कपडे यांची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, असे उत्तर आले. मग शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला आणि त्याला गोंडांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे का?

कागदावर बराच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि पुढच्या वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती राज्यांकडे पाठवली. सन्मान, खासगीपणा आणि भेदभावरहित उपचार हे तिच्यातले हक्क आहेत. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियम बदलून ही सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पण हे नियम खासगी रुग्णालयांसाठी आहेत, केसपेपरच्या त्या खिडकीपर्यंत ते पोहोचत नाहीत. सरकारी प्रसूतिकक्षांसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे आणि त्यात बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीची व्यक्ती असावी, असे म्हटले आहे. एचआयव्हीबाधितांना २०१७च्या, तर पारलिंगी व्यक्तींना २०१९च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावापासून संरक्षण दिले आहे.

तक्रार कुठे करायची?

खासगी रुग्णालयाविरुद्ध महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सरकारी रुग्णालयात अधीक्षकांकडे. डॉक्टरांच्या व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत, तारीख, वेळ आणि कोणत्या खिडकीवर वा वॉर्डात काय बोलले गेले, ते शब्द लिहून द्यावेत. वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. अडचण एवढीच की ‘ए आजी’ ऐकणाऱ्या बाईला हा अर्ज लिहून घेण्यासाठी पुन्हा कुणाची तरी ओळख काढावी लागते.