गिफ्ट

गतवर्षी मे महिन्याच्या सुटीत माझ्या भाचीकडे फ्रँकफुर्टला जाण्याचा योग आला. तिची पाच वर्षांची कन्या घरी मराठी बोलते व बालवाडीत जर्मन. पोचल्या दिवशी पेटी उघडता उघडता मी कौतुकाने म्हटले, "तुझ्यासाठी गिफ्ट आणलंय हं!" पोर दोन पावले मागे सरली आणि आईला बिलगून म्हणाली, "मावशीआजी, गिफ्ट नको. गिफ्ट खाल्लं की मरतात!"

भाची हसू लागली. मी मात्र ओशाळले. जन्मभर मुलांना भाषा शिकविली आणि एवढे लक्षात राहिले नाही! जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष.

इंग्रजांची भेट आणि जर्मनांचे विष या वास्तविक सख्ख्या बहिणी. दोघींचे मूळ 'देणे' या अर्थाच्या एकाच धातूत आहे. जर्मनमध्येही पूर्वी हा शब्द देणगी या अर्थाने चालत असे; त्याची खूण 'मिटगिफ्ट' या शब्दात उरली आहे. मिटगिफ्ट म्हणजे मुलीबरोबर दिलेले, आपले आंदण. मग विष कोठून आले? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला 'डोसिस', म्हणजे 'दिलेले', असे म्हणत. (आपला नेहमीचा डोस तो हाच, आणि आपले 'दान' त्याच्याच दूरच्या गोतावळ्यातले.) जर्मनांनी त्याचे शब्दशः भाषांतर केले. घातक मात्रेचे खरे नाव घेण्यापेक्षा 'दिलेले' म्हणणे सोयीचे. होता होता तो सौम्य शब्दच विषारी झाला.

स्वीडन, डेन्मार्क व नॉर्वे येथे तर आणखी मौज आहे. तेथे 'गिफ्ट' म्हणजे विष आणि 'गिफ्ट' म्हणजेच विवाहित! कन्यादान हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला आहे, त्यांना हे 'देणे' उलगडून सांगावयास नको. त्यावर तेथील नवरे कोणते विनोद करीत असतील ते वाचकांनीच ताडावे.

जर्मनीत मात्र या शब्दाची एक आठवण विनोदाची नाही. औषधविक्रेत्याच्या कुलूपबंद कपाटाला तेथे 'गिफ्टश्रांक' म्हणतात. ग्रंथालयात सर्वांच्या हाती न द्यावयाची पुस्तके ठेवतात त्या कपाटालाही तेच नाव. अशा कपाटात शोभेल असे एक पुस्तक न्यूरेंबर्ग येथे 1938 साली निघाले. नाव 'डेर गिफ्टपिल्त्स', विषारी अळंबी. पुस्तक मुलांसाठी, सचित्र! रानात अळंब्या वेचताना आई मुलाला समजावते की, चांगल्या अळंबीसारखी दिसणारी विषारी अळंबी असते, तसेच माणसांत यहुदी. प्रकाशक यूलियुस श्ट्राइखर. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर 1946 साली त्याला फाशी झाली. हा गृहस्थ मूळचा शाळामास्तर होता, हे लिहिताना मला माझ्या पेशाची लाज वाटते.

ड्रेस्डेनचे भाषापंडित व्हिक्टर क्लेम्पेरर यांना यहुदी कुळामुळे 1935 साली प्राध्यापकपदावरून दूर करण्यात आले. ते गुपचूप रोजनिशी लिहीत राहिले. नाझींच्या भाषेवरील त्यांचा ग्रंथ 1947 साली प्रसिद्ध झाला. शब्द सोमलाच्या बारीक मात्रांसारखे नकळत पोटात जातात, असे त्यांचे निदान. पुन्हा तोच डोस.

भाचीच्या मुलीकडेही अळंब्यांचे पुस्तक आहे. लाल टोपी, पांढरे ठिपके, त्यावर बोट ठेवून तिने मला गंभीरपणे बजावले, "ही गिफ्टिग आहे, हात लावायचा नाही." त्या पुस्तकात अळंबी ही केवळ अळंबीच होती. मी पुढचे पान उलटले.

पेटीतल्या पुड्याचा प्रश्न उरलाच होता. 'भेट' म्हणून पाहिले. तो शब्द तिला ठाऊक नव्हता. 'खाऊ' म्हटल्यावर मात्र लोणावळ्याच्या चिक्कीचा पुडा तिने स्वतःच ओढून काढला.