धामणकर नाक्यावरच्या पाट्या: जे मोठं दिसतं, ते मोठं कोणी केलं?

दृश्य माध्यमांवर संशोधन म्हटलं की बहुतेकांना सिनेमा आणि जाहिराती आठवतात. पण दुकानाची पाटी हेही दृश्य माध्यमच आहे. शिवाय ती सुरुवातीच्या सरावाला सोयीची: जागची हलत नाही, सगळ्यांना दिसते, मोजता येते.

भिवंडीचा धामणकर नाका घ्या. यंत्रमागाच्या या शहरात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी माणसं राहतात. एकाच पाटीवर दोन-तीन लिप्या दिसल्या तर त्यात नवल नाही. अशी पाटी वाचायची कशी?

नजर कुठे जाते?

जे मोठं, ठळक आणि पार्श्वभूमीवर उठून दिसतं, तिकडे नजर आधी जाते. याला दृश्य श्रेणीक्रम म्हणतात. दुसरं तत्त्व जवळिकीचं: जवळजवळ ठेवलेल्या गोष्टी आपल्याला एका गटातल्या वाटतात. माक्स वेर्थहायमर यांनी १९२३ च्या लेखात हे मांडलं.

तिसरी गोष्ट दिशेची. गुंथर क्रेस आणि थिओ व्हॅन लूवेन यांनी १९९६ च्या पुस्तकात म्हटलं की डावीकडे ओळखीचं असतं आणि उजवीकडे नवं. पण हे डावीकडून वाचणाऱ्यांपुरतं. उर्दू उजवीकडून वाचतात. देवनागरी आणि उर्दू एकाच ओळीत असतील, तर 'आधी' म्हणजे कुठली बाजू? इथे सिद्धांत जसाच्या तसा लावून चालत नाही.

खरी अडचण

समजा, तुम्ही पन्नास पाट्यांचे फोटो काढले. बहुतेकांवर मराठी वर आणि मोठी दिसली. लगेच लिहून टाकाल, "दुकानदार मराठीला सर्वाधिक महत्त्व देतात."

थांबा. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या नामफलकावर देवनागरी लिपीतली मराठी सुरुवातीला हवी आणि तिची अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे आकार आणि जागा, आपली दोन महत्त्वाची मोजमापं, कायद्यानेच बांधलेली आहेत. श्रेणीक्रम नजर कुठे जाते ते सांगतो. तो कोणी ठरवला ते सांगत नाही.

चुकीचा निष्कर्ष प्रबंधातच पडून राहत नाही. भिवंडीसारख्या शहरात तो एखाद्या समाजाच्या माथी बसतो: हे भाषा मानतात, ते मानत नाहीत.

मग करायचं काय?

प्रत्येक पाटीसाठी तीन रकाने करा: काय दिसतं, ते कोणी ठरवलं, मी काय अर्थ लावतो. पहिला रकाना पूर्ण भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावू नका.

मोजताना फॉन्टचा आकडा धरू नका. देवनागरीत मात्रा-उकार वर-खाली जातात, उर्दूची नस्तालिक लिपी तिरकी उतरते. त्यामुळे आकडा सारखा असूनही अक्षरं सारखी दिसत नाहीत. फोटोत अंतरही बदलतं. म्हणून फोटो समोरून काढा आणि अक्षराच्या उंचीचं पाटीच्या उंचीशी असलेलं प्रमाण घ्या.

लिपी आणि भाषा वेगवेगळ्या नोंदवा. देवनागरीत 'लेडीज टेलर' लिहिलं असेल, तर ती मराठी, हिंदी की इंग्रजी? नियम आधी ठरवा, मग सगळीकडे तोच लावा.

दुसरा रकाना मात्र फोटोतून भरत नाही. त्यासाठी दुकानदाराशी आणि पाटी बनवणाऱ्याशी बोलावं लागतं, २०२२ पूर्वीचे फोटो मिळाले तर शेजारी ठेवून बघावे लागतात. आणि कायदा ज्याबद्दल काही बोलत नाही, तिकडे खास लक्ष द्या: रंग, अक्षराचं वळण, चित्रं, काचेवर चिकटवलेले कागद, हाताने लिहिलेले दर. दुकानदाराची स्वतःची निवड दिसण्याची शक्यता तिथे जास्त.