इंजिनाची नाडीपरीक्षा

विद्यार्थिमित्रांनो, मनुष्याचे दुखणे दोन प्रकारचे असते. एक सतत ठाण मांडून बसणारे, आणि दुसरे वैद्य दारात येताच पळून जाणारे. यांपैकी दुसरे अधिक त्रासदायक. कारण रोगी कण्हत असतो आणि तपासणाऱ्यास मात्र काहीच आढळत नाही. यंत्रांचेही असेच असते. जुन्या मोटारगाडीचे इंजिन गाडी उभी असताना मधूनच थरथरू लागते आणि कारागिरापुढे नेताच शहाण्या मुलासारखे शांत चालते, हा अनुभव अनेक कुटुंबांना आला असेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; यंत्रशास्त्राशी आमचा संबंध बेताचाच. तथापि या दुखण्याने आम्हांला जे शिकविले ते वर्गातील प्रत्येक विषयास उपयोगी पडणारे असल्याने येथे मांडीत आहोत.

आमची गाडी वीस वर्षांची, तीन सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. रस्त्याने धावताना तिची तक्रार नसे. परंतु मांडवीच्या फेरीबोटीवर दहा मिनिटे इंजिन बंद ठेवून पैलतीरी ते पुन्हा सुरू केले की कधी कधी सारी गाडी हुडहुडी भरल्याप्रमाणे कापे आणि पेट्रोलचा वास सुटे. एकदा बोटीतून उतरून धक्क्याचा चढ चढताना इंजिन बंदच पडले. इंजिन थांबले की ब्रेकला त्याच्या निर्वात दाबाचे मिळणारे साहाय्यही थांबते. एकदोनदा पाय दाबला की ब्रेक दगडासारखा कठीण होतो. गाडी मागे पाण्याच्या दिशेने घसरू लागली. आसनावर आमच्या वृद्ध मातोश्री होत्या. हातब्रेक ओढला आणि गाडी थांबली. परंतु त्या दिवसापासून हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहिला नाही.

दोष समजून घेण्यापूर्वी निर्दोष इंजिन कसे चालते ते पाहू. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. म्हणजे तीन सिलिंडरांत मिळून मिनिटाला १२०० वेळा, सेकंदाला २० वेळा. प्रत्येक ज्वलनास तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे प्रमाण पूर्ण ज्वलनास योग्य मानले जाते.

पूर्वी हे मिश्रण कार्बुरेटर करीत असे. १९६७ साली जर्मनीतील फोक्सवॅगन गाडीत बॉश कंपनीची विद्युत्-नियंत्रित पेट्रोल-फवारणी पद्धत आली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. आपल्या देशात २००० सालच्या सुमारास धुराविषयीचे नियम कडक झाल्यावर लहान गाड्यांतूनही कार्बुरेटर मागे पडला. या पद्धतीत एक छोटा संगणक इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा, फिरण्याचा वेग इत्यादींची माहिती सेन्सरांकडून घेतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवितो. हा संगणक स्वतः काहीही पाहत नाही. सेन्सर जे सांगेल तेच त्याचे सत्य.

आता प्रश्न असा की, धावताना न जाणवणारा दोष उभ्या गाडीतच का जाणवतो? उभ्या गाडीत इंजिन अगदी थोड्या हवेवर तग धरून असते. अशा वेळी रबरी नळीच्या बारीक चिरेतून शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. पेडल दाबून हवेचे मुख्य दार उघडले की तीच चीर नगण्य होते. घागरीत पडलेला मिठाचा खडा कळत नाही, पेल्यात पडला तर तोंड खारट होते. तसाच हा प्रकार. शिवाय मंद गतीत एक ठिणगी चुकली तरी तिचा धक्का झाकून टाकण्याइतका वेग इंजिनाच्या जड चाकास नसतो.

हे सारे आम्हांला नंतर कळले. आरंभी आम्ही काय केले ते सांगण्यास संकोच वाटतो. प्रथम स्पार्क प्लग बदलले, मग पेट्रोलचा फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळी चार दिवस गाडी नीट चाले आणि आम्ही निदान अचूक ठरल्याच्या आनंदात राही. वस्तुतः दोषच मधूनमधून येणारा. ते चार दिवस त्याच्या सुटीचे होते. पुढे आम्ही नेहमीच्या पेट्रोलविक्रेत्यावर भेसळीचा संशय घेतला आणि तो चार लोकांत बोलूनही दाखविला. शेवटी एका कार्यशाळेत संगणकच बदला असा सल्ला मिळाला. त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प घरी परतलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा आमचा कारभार चालला होता.

यातून मार्ग दाखविला तो एका वयस्क मेकॅनिकने. त्याने बॉनेट उघडलेच नाही. त्याने कोंकणीत एवढेच विचारले, "केन्ना जाता तें?" हे केव्हा होते? तोवर काय होते हे सर्वांनी विचारले होते. केव्हा होते हे कोणी विचारले नव्हते, आणि आम्हांलाही धड सांगता आले नाही. "मग वहीत बरोवन हाडात," म्हणजे लिहून आणा, असे सांगून त्याने आम्हांला परत पाठविले. जन्मभर मुलांना वही ठेवण्यास सांगणाऱ्याला हा धडा बरा मिळाला.

वहीत काय लिहावे? इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता की ऊन, वातानुकूलन चालू होते की बंद, थरथर एकाच तालात होती की वेग वरखाली होत होता, वास किंवा धूर होता काय, आणि दोष किती वेळ टिकला. या नोंदी पुढील तपासाची दिशा ठरवितात.

थंड इंजिन थरथरते आणि तापल्यावर शांत होते, तर हवानलिकेचे गॅस्केट किंवा कडक झालेली रबरी नळी संशयित. उष्णतेने फुगून ती फट बुजविते. पावसाळी दमट हवेतच दोष येतो, तर ठिणगीच्या तारांचे आवरण तडकले असावे. अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास कधी कधी निळसर ठिणग्या बाहेर निसटताना दिसतात. वातानुकूलन सुरू करताच इंजिन मान टाकते, तर मंद गतीस हवा पुरविणारी झडप किंवा हवेचे मुख्य दार काजळीने भरले असण्याचा संभव अधिक. एकच ठोका नियमितपणे चुकतो, तर दोष एका विशिष्ट सिलिंडराशी निगडित आहे. आणि इंजिन तापलेले असूनही पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात, तर पेट्रोल गरजेपेक्षा अधिक जात आहे.

संशयितांची यादी झाली की एकेकाची परीक्षा घ्यावी. परंतु एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलून दोष गेला, तर कोणत्या गोष्टीने गेला ते कधीच कळत नाही. चुकणाऱ्या सिलिंडराचा प्लग शेजारच्या सिलिंडरास लावावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी; जागीच राहिला तर प्लग निर्दोष. नवा भाग विकत न घेता मिळणारा हा पुरावा आहे. येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. ठिणगीच्या तारांत हजारो व्होल्टचा दाब असतो, फिरता पंखा बोटे छाटू शकतो आणि बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा धूर प्राण घेतो. तेव्हा बालवाचकांनी वही लिहावी. हत्यार जाणत्याच्या हाती असू द्यावे.

आमच्या वहीत तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. नऊही वेळा इंजिन तापलेले होते, बहुतेक वेळा नुकतेच थांबवून पुन्हा सुरू केलेले होते आणि प्रत्येक वेळी पेट्रोलचा वास होता. मेकॅनिकने वही वाचली, इंजिन तापू दिले आणि शीतक पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरची तार बोटाने हलकेच हलविली. इंजिन तत्काळ थरथरले.

या सेन्सरचा विद्युत्-रोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी असतो. अनेक गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. आमच्याकडील खाऱ्या, दमट हवेने तारेच्या जोडावर हिरवट गंज चढला होता. त्या गंजाचा रोध मधूनच सेन्सरच्या रोधात मिळे आणि तापलेले इंजिन थंडगार आहे असा निरोप संगणकास जाई. तोही बिचारा थंड इंजिनास द्यावे तसे जादा पेट्रोल देई. तार पूर्ण तुटली असती तर संगणकाने दोषाची नोंद केली असती. परंतु हा निरोप खोटा असला तरी अशक्य नव्हता, म्हणून कोणताही दिवा लागला नाही. पूर्ण खोट्यापेक्षा खरे वाटणारे खोटे अधिक घातक, ते असे.

जोड स्वच्छ केला, घट्ट बसविला. कोणताही भाग बदलावा लागला नाही. त्यानंतरचा एक पावसाळा उलटला आणि फेरीच्या धक्क्यावर गाडी पुन्हा बंद पडली नाही. मातोश्री मात्र अजूनही चढ संपेपर्यंत हातब्रेककडे पाहत असतात.

संगणकास आम्ही दोष देतो. पण ऐकीव निरोपावर विश्वासून निर्णय घेण्याची चूक आम्हीही केलीच होती. त्या पेट्रोलविक्रेत्याकडे आम्ही पुन्हा जाऊ लागलो आणि ज्या चौघांत बोललो होतो त्यांना आमची चूकही सांगितली. तरी तो शब्द पुढे किती कानांपर्यंत गेला असेल ते कोणती वही सांगणार? म्हणून मित्रांनो, गाडी असो, गणित असो वा एखाद्या मनुष्यावरील आरोप असो, कोण दोषी हे ठरविण्यापूर्वी त्या मेकॅनिकचा प्रश्न आठवा : "केन्ना जाता तें?"