लाखोरी आणि किराणा दुकानातली तुरीची डाळ



चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या धानाच्या बांध्यांत लाखोरी कोणाला ठाऊक नाही? उभ्या धानात बी फेकले की उरलेल्या ओलीवर पीक येते. पावसाने दगा दिला तरी लाखोरी सहसा दगा देत नाही, आणि धोका इथेच आहे. दुष्काळात बाकी सारे जळते, लाखोरी तेवढी उरते, मग घरात तीच सकाळी आणि तीच संध्याकाळी.

लाखोरीत एक विषारी द्रव्य असते. अधूनमधून वरण-वडे खाल्ल्याने कोणी लुळा पडत नाही. पण रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोरीच झाली आणि असे दोन-तीन महिने चालले, तर पाय ताठतात. एकदा ताठलेले पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. मध्य प्रदेशात रीवा भागात मालक गड्यांना मजुरीच लाखोरीत देत. तिथे कित्येक तरुण काठीवर आले.

म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली, पण २०११ च्या केंद्रीय नियमांत मनाई कायम होती. तेव्हा विक्रीला काढण्यापूर्वी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात आजचा नियम विचारून घ्या. व्यापाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

मला जास्त काळजी वाटते ती भेसळीची. आपल्या बांधीतली लाखोरी आपण ओळखून खातो. तुरीच्या डाळीत किंवा बेसनात मिसळलेली कोण ओळखणार? ताई, डाळ ताटात पसरून पाहा. तुरीची डाळ गोलसर असते. लाखोरीची चौकोनी, एका बाजूने उतरती, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी. बेसनात मात्र डोळ्यांना काही कळत नाही. चणे घेऊन चक्कीवर दळून आणलेले बरे.

संशय आला तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. तपासणी साहेबांनीच करावी असेही नाही. कायद्याने गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकते. मात्र घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. माल खोटा निघाला तर फी परत मिळते. पावती मागायला लाजू नका. ओळखीचा दुकानदार आहे म्हणून आपण गप्प बसतो, हे मी तीस वर्षे पाहतो आहे.

पेरायचीच असेल तर कमी विषाची वाणे आहेत: रतन, प्रतीक, महातिवडा. जुन्या वाणाशेजारी लावू नका, मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात आणि घरचे बी दोन-चार वर्षांत बिघडते. खाताना डाळ कढत पाण्यात तास-दीड तास भिजवा, ते पाणी फेका, पुन्हा धुऊन शिजवा. विष सगळे जात नाही, पण बरेचसे जाते. आणि ते फेकलेले पाणी गुरांच्या टोपल्यात ओतू नका.