बिनआरशाचा कॅमेरा

माझ्या नव्या कॅमेऱ्याची पहिली परीक्षा झाली ती उचगावातल्या वाण्याच्या काट्यावर. लेन्ससकट चारशे साठ ग्रॅम! वाण्याने तो काट्यावरून उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, अर्धा किलो शेंगदाणंबी ह्यापरीस जड हुत्यात की!" घरी सौभाग्यवतींनी याच अर्थाचा प्रश्न अधिक स्पष्ट शब्दांत विचारला. "एवढे पैसे मोजून एवढासाच?"

आमचे चुलतबंधू लग्नाचे फोटो काढतात. त्यांचा आरशाचा कॅमेरा लेन्ससकट पावणेदोन किलो भरतो. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले. "दादा, हा घेऊन मी मांडवात गेलो, तर नवऱ्या मुलाचा बाप मला पाहुणा समजून पंगतीला बसवील. कॅमेरा केवढा, यावर आमची बिदागी ठरते!"

मी मराठीचा प्राध्यापक, यंत्रांचा जाणकार नव्हे. पण वर्षभर हा कॅमेरा गळ्यात घालून हिंडल्यावर त्याच्या गुणदोषांविषयी दोन शब्द सांगण्याचा अधिकार मला आला आहे, असे वाटते. शिवाय मी कोल्हापूरकर. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने ज्या गावात स्वतःच्या हाताने चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावच्या माणसाने कॅमेऱ्यावर चार ओळी लिहिल्या, तर वाचक रागावणार नाहीत.

आधी आरशाची गोष्ट. जुन्या धर्तीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा तिरका, पंचेचाळीस अंशांत बसवलेला असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्यावर आपटून वर जातो, काचेच्या लोलकातून फिरतो आणि आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबले की आरसा फट्कन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि चित्र उमटते. 'खट्याक' हा जो रुबाबदार आवाज आपण ऐकतो, त्यात त्या आरशाचा मोठा वाटा असतो. १९५९ सालच्या निकॉन एफपासून पुढे अर्धे शतक वृत्तपत्रांचे छायाचित्रकार बहुतांशी याच जातीच्या कॅमेऱ्यावर जगले.

२००८ साली पॅनासॉनिकने 'लुमिक्स जी-१' काढला. त्याची लेन्स बदलता येत होती, पण आत आरसाच नव्हता. प्रकाश थेट संवेदकावर पडायचा, आणि तिथे उमटलेले चित्र एका चिमुकल्या पडद्यावर डोळ्याला दाखवले जायचे. आरसा गेला, लोलक गेला, त्यांची जागा वाचली. कॅमेरा पातळ झाला. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोन बड्या घराण्यांनीही मोठ्या संवेदकाचे बिनआरशाचे कॅमेरे बाजारात आणले, आणि वारे कुठे वाहते आहे हे सर्वांना कळून चुकले.

मी हा कॅमेरा घेतला तो काही वाऱ्याकडे पाहून नव्हे. माझे चुलते, आबा, यांचे गुऱ्हाळ बंद व्हायचे होते. उचगाव आता गाव कमी आणि कोल्हापूरचे उपनगर अधिक झाले आहे. हमरस्त्याच्या बाजूने उसाच्या फडात प्लॉटांचे दगड उभे राहत गेले, आणि शेवटी आबांच्या रानाचाही सौदा ठरला. एकच हंगाम उरला होता. चुलतबंधूंना मी म्हटले, "तू एवढा फोटोवाला, आपल्या गुऱ्हाळाचे फोटो काढून ठेव." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादा, तूच काढ. मला तिथं कॅमेरा धरवत नाही."

खरे म्हणजे त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. पण आमचे गुळव्या तात्या, चाळीस वर्षे याच काहिलीपाशी उभे राहिलेले, तो भला थोरला कॅमेरा दिसताच हातातले काम टाकून पटका सारखा करीत आणि सैन्यात भरती व्हायला आल्यासारखे ताठ उभे राहत. रस उतू जायची वेळ आली तरी हलत नसत.

माझ्या कॅमेऱ्याचा पहिला गुण इथे दिसला. तात्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "ह्यो कॅमेरा हाय व्हय? काढा की मग, काय काढायचं ते." एवढे बोलून ते मळी काढायला वळले आणि मला विसरून गेले. आवाज बंद ठेवण्याची सोय यात असते. ती वापरली की बटण दाबल्याचे शेजारच्यालाही कळत नाही. भेंडीचे चिकट पाणी रसात ओतताना, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत दाबून पाहताना, जळण सारणाऱ्या पोराला शिव्या देताना, असे तात्या मला मिळाले. यांतले एकही चित्र मोठ्या कॅमेऱ्याने कोणी काढू दिले नसते.

दुसरा गुण अंधाराचा. गुऱ्हाळात वर पत्रा, खाली चुलवाणाचा जाळ आणि मध्ये वाफ. अशा जागी आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसते ते एक आणि उमटते ते दुसरे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात चित्र किती काळवंडणार, किती पांढरे पडणार, ते बटण दाबण्याआधीच दिसते. माझ्यासारख्या नवशिक्याच्या निम्म्या चुका तिथेच वाचल्या.

तिसरा गुण काटकसरी माणसाचा. आरशाला जागा लागत नसल्याने लेन्स बसवण्याची कडी संवेदकाच्या जवळ आली आहे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात हे अंतर साडेसेहेचाळीस मिलिमीटर होते, नव्यात सोळा आहे. मधल्या जागेत एक पोकळ कडे बसवले की फिल्मच्या जमान्यातल्या लेन्सही चालतात. पन्नास मिलिमीटरची एक जुनी लेन्स मी अशीच बसवली. केंद्र हाताने जुळवावे लागते, पण चित्र पडद्यावर मोठे करून पाहता येत असल्याने माझ्या चाळिशीच्या डोळ्यांनाही ते साधले.

आता दोष. आपल्या मुलाचे आणि आपल्या कॅमेऱ्याचे दोष माणूस सहसा सांगत नाही, मी सांगतो.

आवाज बंद ठेवला की संवेदक चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. घाण्याचे चाक वेगात फिरत असले, तर वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत ते पुढे सरकलेले असते. माझ्या पहिल्या दिवसाच्या चित्रांत त्या चाकाचे सरळ आरे केळीच्या पानासारखे वाकले आहेत! आबांनी एलईडीचे दिवे लावले होते. त्यांच्या लुकलुकीमुळे काही चित्रांवर आडवे काळे पट्टे आले. उपाय एकच, आवाज सुरू करून यांत्रिक पडदा वापरणे. म्हणजे पहिल्या गुणावर पाणी!

दुसरा दोष धुळीचा. लेन्स काढली की संवेदक उघडा पडतो. पुढे आरशाचा आडोसा नाही. चिपाडाचा भुसा उडत असलेल्या जागी मी लेन्स बदलण्याचा शहाणपणा केला, आणि पुढच्या पन्नास चित्रांत आभाळावर काळसर ठिपके उमटले. तिसरा दोष हाताचा. शरीर लहान म्हणून बटणेही लहान. गुळाच्या चिकट बोटांनी एक दाबायला जावे तर दोन दबतात. शिवाय लांबच्या चित्रणाची मोठी लेन्स लावली, की उंदराने मुसळ धरल्यासारखे दिसते. कॅमेरा लहान झाला तरी त्या प्रमाणात लेन्स लहान होत नाही, हे विक्रेता सांगत नाही.

परंतु सर्वांत मोठा दोष मला शेवटच्या दिवशी कळला. आरशाच्या कॅमेऱ्यातून नुसते पाहायला जवळजवळ काहीच वीज लागत नाही. तिथे प्रकाशच डोळ्यापर्यंत येतो. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात पाहणेसुद्धा विजेवर चालते. एका बॅटरीत साधारण तीनचारशे चित्रे निघतील, असे माझ्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिले होते. पण चित्र न काढता नुसते पाहत राहिलात, तरी ती संपते. आणि त्या दिवशी मी पाहतच राहिलो होतो. मार्च महिन्याची संध्याकाळ. शेवटची काहील उतरायची होती. भावकीतली माणसे जमली होती. आबा खाटेवर बसून होते, कोणाशी बोलत नव्हते. दोन्ही बॅटऱ्या दुपारपासून मी डोळ्याला लावून संपवल्या होत्या. तात्यांनी "हूं" केले, चौघांनी काहिलीचा दांडा धरला, आणि माझ्या डोळ्यापुढचा पडदा काळा झाला.

मी बटणे दाबत उभा राहिलो. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या हातात जड काहीतरी दिले. चुलतबंधू एका लग्नाचे काम उरकून परस्पर आले होते. "दादा, धर," एवढेच म्हणाले आणि काहिलीचा दांडा धरायला पुढे झाले.

पाक वाफ्यात उतरला, सोन्यासारखा. तात्या फावडे घेऊन वाकले. मी बटण दाबले. खट्याक! तो आवाज पत्र्याखाली घुमला, आणि तात्यांनी मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा दाबले.

पुढे तात्यांना मी सगळी चित्रे दाखवायला घेऊन गेलो. माझ्या चिमुकल्या कॅमेऱ्याची सव्वाशे चित्रे त्यांनी एकेक करून पाहिली, कौतुक केले, पोराला शिव्या देतानाच्या चित्रावर मनमुराद हसले. मग ते शेवटचे चित्र आले. घामाने डबडबलेले, पटका सैल झालेले, डोळ्यांत जाळ उतरलेले तात्या समोर पाहत होते.

"ह्यो मला द्या," तात्या म्हणाले.

"तात्या, यात तुमचा पटका सुटलाय. दुसरा चांगला निवडा."

"त्येच्यात सगळ्यात काम हाय, मास्तर," ते म्हणाले. "ह्येच्यात मी हाय."

आता तो फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. रानात प्लॉटांचे दगड उभे आहेत; चुलवाणाची जागा नेमकी कोणत्या प्लॉटात गेली, ते आबांनाही सांगता येत नाही.

कोणी मला विचारतात, असला लहान कॅमेरा घ्यावा का? मी म्हणतो, जरूर घ्या. आधी दुकानात हातात धरून पाहा, पैसे उरतील ते चांगल्या लेन्ससाठी ठेवा, धुळीत लेन्स बदलू नका, आणि खिशात एक बॅटरी अशी ठेवा की जिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आमचे चुलतबंधूही आता बिनआरशाचा कॅमेरा घेण्याच्या विचारात आहेत. पाठदुखीपुढे बिदागीचा विचार मागे पडला आहे. जुना मोठा कॅमेरा मात्र ते विकणार नाहीत, असे परवा म्हणाले. का, ते मी विचारले नाही.