शब्दांची रोजकीर्द, आठवणींची खतावणी

व्यापारी कुटुंबात पैशाची नोंद ठेवण्याचे संस्कार बालपणापासून होतात. दिवसभराचा व्यवहार रोजकीर्दीत उतरतो, तेथून खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर जातो आणि वर्षअखेर ताळा जुळतो. परंतु ज्या बोलण्यातून व्यवहार जन्म घेतो, त्याची नोंद बहुधा कोठेच नसते. ‘सोयाबीन विकले की देतो’, ‘हे दागिने धाकटीला द्यायचे’ अशी वाक्ये केवळ ऐकणाऱ्याच्या स्मरणावर विसंबून राहतात. आणि साठी ओलांडली की स्मरण कसा दगा देते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

आता प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल ध्वनिमुद्रण करू शकतो. स्वतःची रोजची संभाषणे स्मरणासाठी मुद्रित करून ठेवण्याची प्रथा हळूहळू रूढ होत आहे. ती आपण स्वीकारावी काय?

प्रथम हिशेब मांडू. सेकंदाला 64 किलोबिट या साधारण प्रतीचे मुद्रण तासाला सुमारे 29 मेगाबाइट जागा घेते. रोज दहा तास मुद्रण केले, तर वर्षाला सुमारे 105 गीगाबाइट होतात. नखाएवढ्या कार्डात ते मावतात. मात्र वर्षाचे हे 3,650 तास रोज आठ तास ऐकत बसल्यास सव्वा वर्ष लागेल! बोलण्याचे लेखन करणारी साधने आज मराठीतही आहेत. पण दुकानातील गलबल्यात आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत नेमके नाव व आकडा चुकण्याचा संभव राहतो. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ गॉर्डन बेल यांनी ‘मायलाइफबिट्स’ या प्रकल्पात आपली पत्रे, छायाचित्रे व दूरध्वनी संभाषणेही साठवली होती. साठवणे यंत्राला जमते. त्यातून कामाचे वेचणे हेच खरे काम.

हे काम आपल्या विदर्भात सातशे वर्षांपूर्वी झाले आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर नागदेवाचार्य त्यांच्या आठवणींचे चिंतन करीत. त्या आठवणी लोप पावू नयेत म्हणून म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्या लिहून काढण्यास आरंभ केला. इ. स. 1278 च्या सुमाराचा हा ‘लीळाचरित्र’ ग्रंथ मराठी गद्याचा पाया मानला जातो. त्यात स्वामींचे जेवणे, चालणे, शिष्यांशी झालेले साधे बोलणेसुद्धा आहे. म्हाइंभटांची रीत एखाद्या दक्ष मुनिमासारखी होती. नागदेवाचार्यांनी सांगितलेली आठवण ते प्रसंगी हजर असलेल्यांकडे जाऊन पडताळून पाहत आणि स्थळासह नोंदवीत. पुढे केसोबासांनी या विस्तारातून स्वामींची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. आपल्या भाषेत सांगायचे तर लीळाचरित्र ही रोजकीर्द आणि सूत्रपाठ ही खतावणी. पुढील काळात परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, तेव्हा हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. लेखन स्मरणाला आधार देते, तसे स्मरणही लेखनाला तारते. म्हणून यंत्र आले तरी मनाने लक्षात ठेवण्याची सवय सोडू नये.

दुसरा प्रश्न संमतीचा. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील लाचेच्या प्रकरणात, एका पक्षाच्या संमतीने मुद्रित झालेले दूरध्वनी संभाषण सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य धरले. जुलै 2025 मध्ये वैवाहिक वादात जोडीदाराचे गुपचूप मुद्रित केलेले बोलणेही न्यायालयापुढे ठेवता येईल, असा निर्णय झाला. त्याच न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. परंतु न्यायालयात काय चालते हा एक प्रश्न आणि घरात व दुकानात काय शोभते हा दुसरा.

केनवडसारख्या गावात गिऱ्हाईक केवळ माल घेत नाही. उधारी मागताना तो घरातील आजारपण सांगतो, मुलीच्या सोयरिकीची काळजी सांगतो. गल्ल्यावरचा मोबाइल हे सारे टिपतो आहे, असे कळले तर तो पुढल्या वेळी गप्प बसेल, नाहीतर दुसरे दुकान गाठेल. घरातील सुनेला आपले बोलणे मुद्रित होते असे वाटले, तर ती मोकळेपणी बोलणार नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची पत ही आपली पहिली पुंजी. स्मरणासाठी ती मोडू नये.

बँकेतील नोकरीत निरक्षर खातेदाराला कागदाचा मजकूर वाचून दाखवायचा आणि मगच त्याचा अंगठा घ्यायचा, हा नियम आम्ही पाळत असू. तोच नियम येथे लावावा. सारा दिवस मुद्रित करू नये. व्यवहार ठरला की समोरच्याला विचारून, तारीख, नाव, रक्कम आणि मुदत दोघांनी मोठ्याने उच्चारावी. एका मिनिटाचे ते मुद्रण त्याच संध्याकाळी वहीत उतरवावे आणि काम संपताच पुसून टाकावे. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांच्या परवानगीने औषधांच्या सूचना मुद्रित कराव्यात. विसरभोळ्या वडीलधाऱ्यांना त्याचा मोठा आधार होतो.

आणि एक मुद्रण मात्र कधीही पुसू नये. घरातील आजी-आजोबांना विचारून, त्यांच्याच आवाजात, कुटुंब या गावी कोठून व कसे आले, पहिले दुकान कोणी मांडले, दुष्काळात घर कसे तगले, हे नोंदवावे. ज्यांनी ते पाहिले ते आज आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसण्यास वेळ काढावा.